मागच्या तंबोऱ्यावर यमुनाकाकू

दामोदरबुवांचं गाणं ज्यांनी ऐकलं, त्यांना बुवांचा चेहरा आठवतो. मला त्यांची पाठ आठवते. मी त्यांच्या मागे डाव्या हाताला तंबोरा घेऊन बसत असे. उजव्या हाताला, दुसऱ्या तंबोऱ्यावर, त्यांच्या पत्नी यमुनाकाकू. गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसणाऱ्यानं मान खाली घालून तारा छेडत राहायच्या, एवढंच अपेक्षित असतं. काकूंचा हात ते काम बिनचूक करी. मान मात्र कधी खाली गेली नाही. बैठक सुरू झाली की त्यांची नजर समोरच्या माणसांवरून फिरायला लागे. पुढे कोण बसलं आहे, कोणत्या बाईनं दाद दिली, पानाचं तबक कोणी पुढे केलं आणि ते घेताना बुवा हसले का, सगळं त्या टिपून ठेवत. घरी परतल्यावर बुवांना आपण काय गायलो ते एक वेळ आठवत नसे, पण काकूंना दुसऱ्या रांगेतल्या बाईच्या लुगड्याचा काठ सांगता येई.

काकू उमरेडकडच्या. घरी शेती, गाण्याशी कुणाचा संबंध नाही. अंगानं थोराड, रंगानं सावळ्या, बोलायला रोखठोक. लग्न होऊन नागपुरात महाल भागातल्या घरी आल्या तेव्हा तंबोरा म्हणजे भोपळ्याला लावलेली लांब दांडी, एवढंच त्यांना कळत होतं. ते त्या स्वतःच सांगायच्या. "पहिल्यांदा पाह्यला तं मले वाटलं, कोपऱ्यात पाहुणा उभा हाय गवसणी पांघरून."

मग त्या तंबोऱ्यावर कशा आल्या, ती हकीकत मी त्यांच्याच तोंडून ऐकली, आणि बुवांच्या देखत. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. बुवा छत्तीसगडकडे एका जमीनदाराकडे गायला गेले होते. परत आल्यावर त्यांच्या तबलजीनं ओसरीवर बसून मोठ्या कौतुकानं सांगितलं की तिथली एक गाणारी बाई बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसली होती आणि काय सुरेल वाजवत होती. काकू आत भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली आणि बाहेर आल्या.

"मले शिकवा तंबोरा," त्या बुवांना म्हणाल्या.

बुवा हसले. "तुले गळा कुठं आहे वं?"

"गळ्यानं वाजवतेत का? हात तं हाय ना मले."

बुवांना वाटलं, चार दिवसांचं वेड आहे. पण काकूंनी तो सगळा उन्हाळा त्यात घातला. मधल्या बोटानं पहिली तार, पहिल्या बोटानं पुढच्या तीन, ना हळू ना घाईत. दुपारी सगळा महाल झोपलेला असताना त्या एकट्या तारा छेडत बसत. खुंटी पिळताना तारा तुटल्या, बोटाला घट्टे पडले. जवारी म्हणजे घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून तारेचा आवाज खुलवायचा. ते तर फार नाजूक काम, भल्याभल्यांना साधत नाही. काकूंना ते साधलं. बुवा ऐकत होते. एक दिवस रियाजाला बसताना त्यांनी आपला तंबोरा उचलून काकूंच्या हातात दिला आणि स्वतः पुढे सरकून बसले.

घरातली बाई चारचौघांत गवयाच्या मागे बसणार, हे तेव्हाच्या नागपुरात सोपं नव्हतं. सावनेरहून बुवांची आई आली. तिनं सुनेला समोर बसवून विचारलं, "लोकं काय म्हणतीन?"

काकू म्हणाल्या, "लोकं म्हणतीन का याची बायको मागं बसून राह्यते. नाही बसली तं म्हणतीन, दुसऱ्याची बसून राह्यते. तुमाले कोणतं चालन?"

सासूबाई दुसऱ्या दिवशी सावनेरला परत गेल्या. तेव्हापासून बुवा जिथे गायले तिथे काकू मागे होत्या.

मी बुवांकडे शिकायला जाऊ लागले ती शाळा संपता संपता. बुवांकडे मुली शिकत, ही गोष्ट काकूंनी कधी मनापासून मान्य केली नाही. पण घर त्यावर चालत होतं, त्यामुळे त्या मुलींना येऊ देत आणि आपल्या पद्धतीनं वागवत. शिकवणी बाहेरच्या खोलीत चाले. काकू मधल्या दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसत. तांदूळ कितीही थोडे असले तरी शिकवणी संपेपर्यंत पुरत. कुणाच्या तानेला बुवांच्या तोंडून "वा" गेलं की सूप थांबे. मग शिकवणी संपल्यावर काकू आम्हाला संत्री देत. त्यांच्या माहेरच्या बागेतली संत्री असत, आणि जिला "वा" मिळाली असेल तिच्या हातात हमखास आंबट पडे. आम्हा मुलींना हे लवकरच समजलं. आम्ही बाहेर आल्यावर विचारायचो, "आज आंबट कुणाला?" मला बहुतेक वेळा गोडच मिळायचं. त्याचं दुःख मला फार होतं.

बुवा मला एकदा म्हणाले होते, "शांता, तुझे कान फार पक्के आहेत. तू तंबोऱ्यावर बस." हे वाक्य ऐकायला चांगलं आहे. ज्याला गायचं असतं त्याला ते कसं लागतं ते त्यालाच ठाऊक. पण बुवांच्या मैफिलीत जागा मिळत होती, मग ती मागची का असेना. मी काकूंच्या शेजारी बसू लागले. त्यांच्या तंबोऱ्याची गवसणी काढायची मात्र मला परवानगी नव्हती. कुणालाच नव्हती. एकदा उकाड्यात तारा उतरल्या होत्या, काकू आत होत्या म्हणून मी खुंटीला हात लावला. वळून पाहते तो काकू दारात उभ्या. "तो राहू दे वं," त्या म्हणाल्या. "तुहा तुह्याजवळ आहे ना?" आवाज चढलेला नव्हता. पण पुन्हा माझा हात तिकडे गेला नाही.

मग मनोरमा आली. धंतोलीतल्या एका वकिलाची मुलगी. मोटारीतून यायची. तिच्या आवाजाबद्दल मी आजही सरळ मनानं लिहू शकत नाही, इतका तो चांगला होता. पहिल्या दिवशी बुवांनी तिला काहीतरी म्हणून दाखव म्हणून सांगितलं. तिनं आरोह-अवरोह म्हटला, फक्त तेवढाच. बुवांच्या हातातला चहा तसाच राहिला. दाराशी तांदळाचं सूप केव्हाच थांबलं होतं. त्या दिवशी काकूंनी कुणालाच संत्री दिली नाहीत.

पुढे बुवा मनोरमाला वेगळं शिकवू लागले. आम्हाला जी बंदिश महिना महिना घोटायला लागे ती तिला आठवड्यात येई. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायचे. एका दुपारी मी लवकर पोचले, काकू स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी निवडत होत्या. मी जाऊन शेजारी बसले आणि पानं खुडायला लागले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लय दुखते ना वं पोटात?"

"नाही काकू. का?"

"दुखते. मले दिसून राहिलं ना. लपवू नको, माह्याही दुखते." मग म्हणाल्या, "पण तुहं अन माहं सारखं नाही शांते. तुले तिचा गळा पाह्यजे. मले तिचा गळा घेऊन काय करायचा? मले फक्त त्यायनं तिच्याकडं तसं पाह्यलेलं नको."

"बुवा तसे नाहीत हो काकू."

"तसे नाहीत, ते मले मालूम आहे. तसे असते तं बरं होतं, भांडता तरी आलं असतं." त्यांनी निवडलेली भाजी पाण्यात टाकली. "गाणं चांगलं झालं का त्यायचा चेहरा कसा होते, तुनं समोरून पाह्यला आहे का कवा? मी नाही पाह्यला. मी सदा मागंच बसून राहिली. ती पोरगी शेजारी बसते. तिले दिसते."

 काकू उठल्या आणि भाजीला फोडणी द्यायला लागल्या.

मनोरमाचं पहिलं जाहीर गाणं तिच्या वडलांच्या बंगल्यावर ठरलं. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, तरी थंडीच्या दिवसांत धंतोलीत बैठका होत. दुपारची बैठक होती. दिवाणखान्यात गाद्या घातलेल्या, वकील, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक आलेले. बुवांनी मनोरमाला उजव्या हाताशी बसवलं, म्हणजे काकूंच्या अगदी समोर. बुवांनी मुलतानी सुरू केला. ते एक जागा घेत आणि तिच्याकडे पाहत, ती ती जागा उचलून आणखी एक पाऊल पुढे नेई. अशानं गाणं रंगत गेलं. एकदा तिनं निषादावर असा ठहराव घेतला की बुवांनी तिच्याकडे वळून हात वर केला आणि मनापासून हसले. सगळी बैठक हसली. मला ते हसू मागून फक्त खांद्यांच्या हालण्यावरून कळलं.

आणि माझ्या उजवीकडचा तंबोरा थांबला.

मी पाहिलं. तार तुटली नव्हती. काकूंची बोटं तारांपासून बाजूला झाली होती आणि त्या बुवांच्या मानेकडे रोखून पाहत होत्या. माझा तंबोरा चालू होता, तबला चालू होता. समोरच्या कुणाला काही कळलं नसेल. मनोरमाला कळलं, तिचा सूर किंचित हलला. बुवांनी मान वळवली. गाता गाता ते मागे वळले आणि त्यांनी काकूंकडे पाहिलं. पूर्ण पाहिलं, अगदी डोळ्यांत.

"काय झालं?" ते हळूच म्हणाले.

"काही नाही. गा तुमी," काकू म्हणाल्या, आणि त्यांची बोटं पुन्हा तारांवर गेली.

परत येताना टांग्यात बुवा टांगेवाल्याशेजारी पुढे बसले होते. मी आणि काकू मागे, मांडीवर तंबोरे. सीताबर्डीचा बाजार मागे पडला. पुढे शुक्रवारी तलाव लागला तेव्हा बुवांनी मागे न पाहता विचारलं, "काहून थांबली तू?"

"थांबली."

"हात दुखला का?"

"नाही."

"मंग?"

"तुमी मागं पाह्यता का नाही, ते पाह्यलं मी."

 बुवा म्हणाले, "मागं पाहाची गरज कवा पडली मले? मागं तू आहे, हे मले मालूम राह्यते."

"गरजेचं नाही विचारून राहिली मी," काकू म्हणाल्या.

टांगेवाला अवघडून घोड्याला उगीच हाकारू लागला. बुवांचा आवाज बदलला. "घरी काय पाह्यजे ते कर. माह्या गाण्यात हे नाही चालणार. पोरगी पहिल्यांदा बसली होती चार लोकांत. तिचा सूर हलला तुह्यापायी."  घर येईपर्यंत काकू तलावाकडे पाहत होत्या, तलाव मागे पडला तरी तिकडेच.

पुढचं गाणं अमरावतीला होतं. बुवांनी सांगितलं, मनोरमा मागे बसेल, काकूंनी यायचं नाही. काकूंनी काही वाद घातला नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः तंबोऱ्याला गवसणी घातली आणि तो मनोरमाच्या हातात दिला. ज्या तंबोऱ्याला त्यांनी मला बोट लावू दिलं नव्हतं, तो. "पंचम उतरते घडीघडी," त्या तिला म्हणाल्या. "लक्ष ठेवजो." मनोरमा शहाणी मुलगी होती. तिनं तंबोरा घ्यायच्या आधी वाकून नमस्कार केला. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण डोळे मिटून घेतले.

मी सगळ्या प्रवासात मनाशी म्हणत होते की बुवांचं गाणं आज पडणार. खोटं कशाला सांगू, पडावं असंच वाटत होतं. पण ते पडलं नाही. अमरावतीला बुवा फार चांगले गायले. मनोरमाचा हात काकूंसारखा सराईत नव्हता, तरी सूर कुठे सुटला नाही. काकूंवाचून बुवांचं अडत नव्हतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली.

आम्ही परतलो तेव्हा काकूंनी आधी तंबोऱ्याची गवसणी काढली. चारी तारा ऐकल्या. त्या लागलेल्याच होत्या, तरी त्यांनी प्रत्येक खुंटी सैल केली आणि सगळा तंबोरा पहिल्यापासून पुन्हा लावला. बुवा आंघोळीला गेल्यावर मला विचारलं, "कसं झालं?"

थाप मारायचं माझ्या जिवावर आलं. "छान झालं काकू."

"हूं." त्या जोडाच्या तारांवरून बोट फिरवत राहिल्या. "चुकली नाही का पोरगी कुठं?"

"नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. तेव्हा मला आठवलं. मी म्हणाले, "बुवांनी एकदा मागं पाहिलं."

काकूंचा हात थांबला. "कवा?"

"भैरवीच्या आधी. थोडे थांबले, पाणी प्यायले, आणि उजवीकडे मागं वळून पाहिलं. मग पुन्हा पुढं वळले."

"मनोरमाकडं पाह्यलं असन."

"नाही काकू. मनोरमा दिसल्यावर त्यांना जरा नवल वाटल्यासारखं झालं. आपण कुठे आहोत ते क्षणभर विसरले असावेत."

"पाणी पेल्यावर का पेण्याच्या आधी?"

"प्यायल्यावर."

"अन मंग भैरवी कोणती म्हटली?"

मी सांगितली. काकूंनी ती मला आणखी एकदा सांगायला लावली. मग उठून आत गेल्या, आणि थोड्या वेळानं मला आतून गोड संत्रं सोलून आणून दिलं.

त्यानंतर बुवांनी काकूंना कधी घरी ठेवलं नाही. पुढच्या गाण्याच्या वेळी त्यांनी सहज सांगितल्यासारखं म्हटलं, "तयारी कर. सहाची गाडी आहे."

"मनोरमा आहे ना," काकू म्हणाल्या.

"मनोरमा गाईन. तू वाजव."

झालेल्या गोष्टीबद्दल दोघांत आणखी काही बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही. पण मी एवढं पाहिलं की त्यानंतर प्रत्येक गाण्यात, कधी सुरुवातीला, कधी मध्येच, बुवा एकदा मागे वळून पाहत. ऐकणाऱ्यांना वाटे, तंबोरा तपासतायत. काकू त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे पाहत. पण बुवा वळायच्या आधी त्यांनी पदर सारखा केलेला असे.

मनोरमाचा मत्सर मात्र त्यांनी सोडला नाही. ती लग्न होऊन जबलपूरला गेली तेव्हा काकूंनी तिची खणानारळानं ओटी भरली आणि टांगा वळणावर दिसेनासा झाल्यावर मला म्हणाल्या, "चांगली होती वं पोरगी. लांब गेली, बरं झालं."

वर्षा दोन वर्षांत माझंही लग्न झालं. मी वर्ध्याला गेले. गाणं सुटलं. बुवांना अर्धांगाचा झटका आल्याचं मला तिकडे उशिरा कळलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. शिकवण्या बंद पडल्या, महालातलं घर सोडून काकूंनी सक्करदऱ्याला तलावाजवळ लहानसं घर घेतलं होतं. मी माहेरी आले तेव्हा एका सकाळी भेटायला गेले.

काकू बाहेरच्या ओट्यावर माठ धूत होत्या. केस पुष्कळ पिकले होते, पण प्रकृती उत्तम दिसत होती. मला पाहून त्यांना आनंद झाला. माझ्या मुलाबाळांची, सासूची चौकशी झाली. मी बुवांविषयी विचारलं.

"आहेत. बसतात खुर्चीवर. समदं कळते, बोलता नाही येत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सकाळी सा लावतात मात्र. शब्द नाही येत, सा येते."

"मी ऐकू का जरा?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "नको वं शांते," त्या म्हणाल्या. "तुमी लोकांनी लय ऐकलं त्यायले."

मी मग आग्रह केला नाही. आत जाऊन नुसता नमस्कार केला. बुवांनी मला ओळखलं, तोंडाच्या एका बाजूनं हसले. काकू माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभ्या होत्या. आम्ही बाहेर येऊन बसलो तोच फाटकाशी एक नर्सबाई आली. तरणीताठी, पांढऱ्या स्वच्छ लुगड्यातली, हातात औषधांची पेटी. डॉक्टर तिला रोज इंजेक्शनला पाठवत.

"आली," काकू तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. "ही आली का लय खुश होतात. माह्या हातचं औषध कडू लागते त्यायले." आणि ओले हात पदराला पुसत त्या तिच्या आधी आत शिरल्या.

दार उघडंच होतं. नर्सबाईनं पेटी उघडली, उकळून घेतलेली सुई औषधानं भरली. बुवा तिच्याकडे पाहून हसत होते, मघाशी माझ्याकडे पाहून हसले तसेच. तिनं त्यांचा हात धरायला आपला हात पुढे केला. काकूंनी तो वाटेतच अडवला. त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या, बुवांच्या सदऱ्याची बाही वर केली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हात मी धरून ठेवीन बाई," त्या म्हणाल्या. "तुमी फक्त सुई टोचा."